कोकणांतील आम्ल विहिरी व कोंबड्यांचें पाणी: निधीच्या विनियोगाविषयीं समितीचें निवेदन



दुष्काळनिवारणाच्या कामीं आपण जें द्रव्य आमच्या हवालीं करितां, त्याचे आम्ही मालक नव्हों, विश्वस्त आहों. पैसा कोठें खर्च केला हें सांगणें जसें विश्वस्ताचें कर्तव्य, तसेंच तो अमुक बाबीवर कां खर्च करावयाचा व अमुक बाबीवर कां नाकारावयाचा, हेंही सांगणें त्याचें कर्तव्य आहे. धान्य, चारा व पिण्याचें पाणी या बाबी आपल्या परिचयाच्या आहेत. त्यांचें समर्थन करण्याची जरुरी नाहीं. परंतु कोकणांतील गरीब कुटुंबांच्या कोंबड्यांसाठीं विहिरीचें आम्ल पाणी सुधारावयाचें, ही बाब नवी वाटण्याजोगी आहे. ती ऐकून कांहीं सद्गृहस्थांस हंसूं येईल, तर कांहीं अधिक उदार गृहस्थ लागलीच एखादें महागडें यंत्र किंवा औषधाच्या बाटल्या पाठविण्यास सिद्ध होतील. दोन्ही पक्षांनीं पुढील निवेदन शांतपणें वाचावें, एवढीच आमची विनंती आहे.

कोकणांत दुष्काळ कसला, असा प्रश्न देशावरील मनुष्य सहज विचारतो. रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत वर्षास सुमारें ३००० मिलिमीटर पाऊस पडतो हें खरें. परंतु तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. जमीन उताराची, खालचा जांभा सच्छिद्र. त्यामुळें पाणी पाहतां पाहतां ओढ्या-खाड्यांवाटे समुद्रास मिळतें, आणि एप्रिल-मे महिन्यांत त्याच मुलुखांतील कित्येक वाड्यांना टँकरची वाट पाहत बसावें लागतें. सन १८७६-७८ च्या किंवा सन १९७२ च्या दुष्काळांत देशावर जी दैना झाली, तिच्याशीं या टंचाईची बरोबरी करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु ज्या घरीं जमीन नाहीं व पोटास मुंबईची मनिऑर्डरही नाहीं, त्या घरचा संसार दोन महिन्यांच्या ओढीनेंही मोडतो.

अशा घरीं कोंबड्यांचें महत्त्व काय, याचा हिशेब सोपा आहे. दुभत्या गाईस दिवसाला ४० लिटर किंवा त्याहूनही अधिक पाणी लागतें. मोठ्या कोंबडीस सुमारें पाव लिटर पुरतें. म्हणजे एका गाईच्या पाण्यांत दीडशें कोंबड्यांची तहान भागते. गावठी कोंबडी अर्धें पोट परसांतच भरते. अंडीं आठवड्याच्या बाजारांत रोख विकलीं जातात, आणि तो पैसा बहुधा घरच्या बाईच्या हातीं राहतो. टंचाईच्या दिवसांत बाईनें कोंबड्या विकून टाकल्या किंवा त्या मेल्या, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडीं मीठ-मिरचीसही कर्ज काढावें लागतें. तेव्हां हा कळप जगविणें हें दुष्काळनिवारणाचेंच काम आहे, अशी आमची खात्री झाली आहे.

आतां आम्लतेचा उगम पाहूं. पावसाचें पाणी आकाशांतून खालीं येतांना हवेंतील कर्बाम्ल वायु थोडासा शोषून घेतें. जमिनींत शिरल्यावर झाडांच्या मुळांपासून व कुजणाऱ्या पाल्यापासून त्यास हा वायु आणखी पुष्कळ मिळतो. इतका प्रकार सर्वत्र सारखाच. पुढें मात्र भेद पडतो. देशावरील काळ्या फत्तरांत चुन्याचा व मॅग्नेशियमचा अंश असतो, आणि काळ्या मातींत चुनखडीचे खडेही सांपडतात. तेथें आम्ल पाणी या द्रव्यांस विरघळवितां विरघळवितां स्वतः शांत होतें व जड बनतें. हंड्याच्या आंत पांढरा थर बसतो तो यामुळेंच. कोकणांतील जांभा हाही बहुतेक ठिकाणीं त्याच काळ्या फत्तराचा झालेला आहे. परंतु लाखों वर्षांच्या पावसानें त्यांतील चुना व मॅग्नेशियम धुऊन नेलें व लोह आणि ॲल्युमिनियम तेवढें मागें राहिलें. पाण्यानें आपली आम्लता कोठें खर्चावी, असें त्यांत कांहीं उरलेंच नाहीं. म्हणून जांभ्यांतील विहिरीचें पाणी हलकें असतें, त्यांत डाळ लवकर शिजते. आणि त्याच कारणानें तें आम्लही असतें. ही विहीर कोणीं बिघडविलेली नव्हे; तो भूमीचा स्वभाव आहे.

आम्लता मोजण्याचें माप म्हणजे सामू, ज्यास इंग्रजींत पीएच म्हणतात. हें माप कोपनहेगन येथें सोरेन्सन या रसायनशास्त्रज्ञानें सन १९०९ मध्यें घालून दिलें. ७ हा आंकडा समतोलाचा. त्याखालीं आम्ल, वर अल्कधर्मी. येथें ध्यानांत ठेवण्याची गोष्ट ही कीं एक आंकडा खालीं आला म्हणजे आम्लता दसपट होते. सामू ६ असलेल्या पाण्याहून सामू ५ असलेलें पाणी दसपट, आणि सामू ४ असलेलें शंभरपट आम्ल. शुद्ध पावसाच्या पाण्याचा सामू सुमारें ५.६ असतो. जांभ्यांतील विहिरींचा सामू ५ ते ६.५ यांच्या दरम्यान आढळणें नवल नाहीं. माणसांच्या पिण्याच्या पाण्यासाठीं भारतीय मानकानें ६.५ ते ८.५ ही मर्यादा घातली आहे. कोंबड्यांस साधारणपणें ६ ते ८ चालतो.

या पाण्यावर आरोप ठेवण्यापूर्वीं त्याच्या बाजूचा पुरावाही पाहिला पाहिजे. कोंबडीच्या अन्नपिशवींतील रस स्वभावतःच आम्ल असतो, आणि कित्येक मोठे कुक्कुटपालक जंतूंची वाढ रोखण्यासाठीं पाण्यांत मुद्दाम सौम्य आम्ल मिसळतात. तेव्हां सामू ६ च्या आसपास असलेलें पाणी मातीच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यांतून पिणाऱ्या दहा-वीस गावठी कोंबड्यांस कांहीं अपाय होतो, असें म्हणणें खरें होणार नाहीं. तेथें आपला एक पैसाही खर्च करण्याचें कारण नाहीं.

खरा अपराध दोन प्रकारचा आहे. पहिला धातूंचा. आम्ल व हलकें पाणी लोखंडी व जस्ती नळ, पितळी तोट्या व जस्ताची भांडीं खाऊन टाकतें. लोखंड, जस्त व तांबें पाण्यांत उतरतें. लोहामुळें पाण्यास तांबूस रंग व कसट चव येते, नळ्यांत बुळबुळीत मळ धरतो, त्यांत जंतू माजतात व पिण्याच्या तोट्या तुंबतात. दुसरा अपराध तहानेचा. सामू ५ च्या खालीं गेल्यास, किंवा पाण्यास धातूची चव आल्यास, कोंबडी तें पिण्यास कचरते. कोंबडी जितकें खाते त्याच्या सुमारें दुप्पट पिते, आणि कडक उन्हाळ्यांत हें प्रमाण आणखी दुपटीस जातें. पाणी कमी झालें कीं खाणें कमी, आणि खाणें कमी झालें कीं अंडीं बंद. शिवाय पाण्यांतून दिलीं जाणारीं कांहीं औषधें आम्ल पाण्यांत नीट विरघळत नाहींत. तळाशीं बसलेल्या औषधाचा खर्च फुकट जातो.

म्हणून आमचा पहिला नियम असा कीं, आरोप सिद्ध होण्यापूर्वीं शिक्षा देऊं नये. प्रत्येक विहिरीची आधीं परीक्षा व्हावी. सामू दाखविणाऱ्या कागदी पट्ट्या थोडक्या किंमतींत मिळतात. सविस्तर तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळांत होऊं शकते. परीक्षा विहिरीच्या कांठावर, पाणी काढल्याबरोबर करावी. कारण पाणी उघडें राहिलें म्हणजे वायु निघून जातो व आंकडा वर चढतो. नंतर तेंच पाणी एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत उंचावरून दहा-पंधरा वेळां ओतून पुन्हां पट्टी बुडवावी. आंकडा चढला तर आम्लतेचें कारण वायु हेंच आहे असें ठरतें, आणि पहिला उपायही फुकट सांपडतो: पाणी संध्याकाळीं काढावें, उंचावरून ओतावें व रात्रभर रुंद तोंडाच्या भांड्यांत फडक्यानें झांकून ठेवावें. कित्येक ठिकाणीं एवढ्यानेंच काम भागतें.

जेथें भागत नाहीं, तेथें दुसरा उपाय कोकणच्या किनाऱ्यावरच पडून आहे, आणि तो म्हणजे शिंपले. तिसऱ्या व कालवें खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचे ढीग खाडीकांठच्या गांवोगांवीं दिसतात. शिंपला म्हणजे बहुतेक सगळी चुनखडीच. जांभ्यानें पाण्यास जें दिलें नाहीं, तें शिंपला देतो. देशावरची जमीन जें काम आपोआप करिते, तेंच आपण एका बादलींत करावयाचें.

कृति अशी. शिंपले स्वच्छ धुवून त्यांतील मीठ व मांसाचा अंश काढावा, पाण्यांत उकळावे व कडक उन्हांत वाळवावे. मग ते ओले करून तुरीच्या दाण्याएवढे कुटावे. कोरडे कुटल्यास भुकटी नाकातोंडांत जाते, म्हणून तोंडास फडकें बांधावें. बारीक पूड चाळून निराळी ठेवावी. २० लिटरांच्या बादलीस किंवा माठास तळाशीं तोटी बसवून खालीं धुतलेली खडी, तिच्यावर सुमारें १० लिटर मापाचे कुटलेले शिंपले व वरती फडकें घालावें. फडक्यावर पाणी ओतावें व तोटींतून बारीक धारेनें काढावें. दहा लिटर शिंपल्यांच्या फटींत चार-पांच लिटर पाणी मावतें. तोटींतून तासास दहा लिटर पाणी येईल अशी धार ठेविली, तर प्रत्येक थेंबास शिंपल्यांचा सहवास सुमारें अर्धा तास घडतो. तो पुरेसा आहे. शंभर कोंबड्यांस उन्हाळ्यांत लागणारें ५० लिटर पाणी पांच तासांत, म्हणजे रात्रीच्या वेळीं, तयार होतें. पहिल्या एक-दोन दिवसांचें गढूळ पाणी झाडांस घालावें.

शिंपल्यांचा मोठा गुण हा कीं ते अति करीत नाहींत. आम्लता संपली कीं त्यांचें विरघळणें आपोआप मंदावतें, व सामू साधारणतः ७ ते ८ च्या दरम्यान थांबतो. माप चुकलें म्हणून कोंबड्या मेल्या, असें येथें होत नाहीं. खर्चाचाही हिशेब पाहावा. प्रत्येक लिटरमागें १०० मिलिग्रॅम चुनखडी विरघळते असें धरलें, तर ५० लिटरांस ५ ग्रॅम, आणि रोज ५० लिटर पाणी काढलें तरी वर्षास दोन किलोहूनही कमी. म्हणजे एकदां भरलेली बादली वर्षानुवर्षें पुरते. तिला काम एवढेंच कीं, पाण्यांतील लोह शिंपल्यांवर तांबड्या थरानें बसतें, तें महिन्या दोन महिन्यांनीं घासून धुवावें, व पट्टीनें सामू पाहून शिंपले निकामी झाले नाहींत याची खात्री करावी.

नैसर्गिक म्हणून जें जें सुचविलें जातें, तें सर्वच चांगलें असतें असें नाहीं. भाजलेला चुना हा शिंपल्यांचाच पुत्र खरा, पण स्वभावानें तापट. त्याची निवळी सामू १२ च्या पलीकडे नेते. चिमूटभर अधिक पडला तर आम्ल पाण्याचें दाहक पाणी होतें. तो मापानें व जाणत्या हातानेंच वापरावा. घरोघरीं वांटूं नये. चुलीच्या राखेचीही तीच गोष्ट: तिच्यांत क्षार असतो, पण कोणत्या लाकडाची राख किती तीव्र, हें कोणी सांगूं शकत नाहीं. तुरटीनें गढूळ पाणी निवळतें हें खरें, परंतु ती पाण्याची आम्लता वाढविते. कोकणच्या हलक्या पाण्यांत तिचा परिणाम अधिकच उलटा होतो. निवळीचें बी व शेवग्याचें बी गाळ खालीं बसवितें, आम्लता घालवीत नाहीं. कोळसा वास शोषतो, आम्लता नव्हे. ज्याचें काम त्यानेंच करावें.

आणि शिंपल्यांच्याही हातून जें होत नाहीं, तें स्पष्ट सांगणें आमचें कर्तव्य आहे. शिंपल्यांनीं जंतू मरत नाहींत. विहिरीजवळ शौचकूप किंवा उकिरडा असेल तर तो आधीं दूर झाला पाहिजे, व पाणी बादलींतून निघाल्यावर ब्लीचिंग पावडरीनें शुद्ध केलें पाहिजे. मात्र मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस पाण्यांतून द्यावयाची असेल, तर त्या वेळीं क्लोरीनचें पाणी वर्ज्य करावें. क्लोरीन लशीचाही नाश करितो. शिंपल्यांनीं खारटपणा जात नाहीं. उन्हाळ्यांत खाडीकांठच्या विहिरींत समुद्राचें पाणी शिरलें, तर दुसरी विहीर शोधावी किंवा गोडें पाणी आणावें, तिसरा मार्ग नाहीं. आणि सामू ४.५ च्याही खालीं आढळला, तर तो नुसता वायूचा प्रताप नव्हे. खाणीचें किंवा कारखान्याचें पाणी विहिरींत उतरत असण्याचा संभव असतो. तेथें घरगुती उपाय थांबवून पाणी प्रयोगशाळेकडेच पाठवावें, व तोंवर तें माणसांनीं व जनावरांनीं पिऊं नये.

एक गैरसमजही दूर केला पाहिजे. शिंपल्यांतून आलेल्या पाण्यांत चुना उतरला, म्हणजे अंड्यांचें कवच आपोआप बळकट होईल, असें पुष्कळांस वाटतें. दररोज अंडें देणाऱ्या कोंबडीस दिवसाला सुमारें ४ ग्रॅम कॅल्शियम लागतें. वर सांगितलेल्या पाव लिटर पाण्यांतून तिला त्याचा चारशेंवा हिस्साही जेमतेम मिळतो. यास्तव शिंपल्यांची कणी निराळ्या वाटींत कोंबड्यांपुढें ठेवावी. त्या हवी तेवढी टिपून घेतात. बादलींतला शिंपला पाण्यासाठीं, वाटींतला कवचासाठीं.

आतां निधीच्या विनियोगाविषयीं. सन १८९६-९७ च्या दुष्काळांत पुणें सार्वजनिक सभेनें फॅमिन कोडांत रयतेस कोणते हक्क दिले आहेत हें गांवोगांव समजावून सांगितलें. धान्य देण्याइतकेंच ज्ञान देणें हेंही निवारणच होय, हा धडा आम्ही त्यांतून घेतों. त्यास अनुसरून आमचा क्रम असा आहे: पहिली परीक्षा, दुसरी विहिरीची स्वच्छता, सावली व मातीचीं किंवा प्लॅस्टिकचीं भांडीं, तिसरी हवा देण्याची रीत, आणि या तिहींनींही न भागेल तेथेंच शिंपल्यांची बादली. बाटल्या व यंत्रें या क्रमांत नाहींत. बाटली संपली कीं वाडी पुन्हां पाहिल्या ठिकाणीं येते, व यंत्र बिघडलें कीं त्याचा कारागीर शहरांत राहतो; बादली मात्र घरची बाईच धुते व भरते.

या कामांत आणखी एक लाभ आहे. शिंपले गोळा करणें, धुणें, वाळविणें व कुटणें हें काम बैठ्या हातांनीं होण्याजोगें असून तें नेमकें टंचाईच्या महिन्यांतच करतां येतें. खाडीकांठच्या गरीब बायांस या कामाची रोख मजुरी द्यावी व तयार माल जांभ्याच्या सड्यांवरील वाड्यांस पोंचवावा, अशी आमची योजना आहे. म्हणजे एकच रुपया दोन घरीं उपयोगी पडेल. मात्र खाल्लेल्या तिसऱ्या-कालवांचे टाकलेले शिंपलेच घेतले जातील. त्यांसाठीं खाडींतील जिवंत शिंपल्यांवर कोणीं हात टाकूं नये, कारण तेंही गरिबांचेंच अन्न आहे.

व्यापारी बंधूंनीं परीक्षेच्या पट्ट्या, तोट्या, बादल्या व वाहतुकीचा भार उचलावा. ज्यांचे ट्रक किनाऱ्यावरून मासळी किंवा आंबा घेऊन घांटाकडे जातात, त्यांनीं चार पोतीं शिंपले वाटेंत उतरवून दिलीं तरी मोठें काम होईल. बागायतदार व जमीनदार मंडळींनीं आपल्या विहिरी परीक्षेस मोकळ्या ठेवाव्या, व ज्या विहिरीचें पाणी गोडें व निर्दोष ठरेल, तिच्यावर टंचाईच्या दिवसांत शेजारच्या वाडीस पाणी भरूं द्यावें. असलें दान पैशाच्या दानाहून कमी नव्हे. इतर दात्यांनीं आपली देणगी या बाबीसाठीं म्हणून लिहून द्यावी. तिचा हिशेब निराळा ठेवला जाईल, व ज्या विहिरीवर खर्च झाला तिचा आधींचा व नंतरचा सामू त्या हिशेबांत नमूद केला जाईल. ज्या विहिरीस उपायाची गरज नव्हती असें ठरेल, तीही आम्ही लिहूं. कारण वांचविलेला पैसा हाही आपणांस दाखविण्याजोगाच जमाखर्च आहे.

पावसाळा संपला कीं विहिरी भरलेल्या असतात व सर्वांस टंचाईचा विसर पडतो. परंतु पट्ट्या बुडविण्याचा, शिंपले धुण्याचा व बादल्या भरण्याचा काळ तोच आहे. मार्च महिना उजाडण्यापूर्वीं हें काम पुरें व्हावें, म्हणून आपली मदत त्याआधीं यावी, अशी नम्र प्रार्थना आहे.

आपले विनीत,
समितीच्या वतीनें